कमळ किती उमललेलं

४ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र मोठं नाही, कामाचं आहे. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण आता उजेड आणि अंधार यापलीकडे त्यांना काही दिसणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अजून दोन आठवडे ते दवाखान्यातच आहेत. इकडे देवळाची सावळी मूर्ती शेडमध्ये उभी आहे. पावलं, हात, वस्त्राच्या चुण्या, सगळं झालंय. डोळे राहिलेत.

आजवर डोळे अप्पांनीच कोरले आणि त्या वेळी मला शेडबाहेर बसवलं. परवा मात्र म्हणाले की हे डोळे तू कोर, जमले तर शेड तुझी. घरची रीत तुला माहीत आहे. पहिले डोळे कोरणाऱ्याने वडिलांना काही विचारायचं नाही, त्यांनी लिहिलेली वही वाचायची. आणि वही तू पुस्तक लिहायला म्हणून दोन वर्षांपूर्वी नेलीस ती अजून घरी आलेली नाही. या आठवड्यात पाठव. वीस वर्षं दगडाची धूळ खाल्ली ती याच दिवसासाठी.

लोभ आहे, तो वही परत करून दाखव.

ताई

१० जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अप्पांचं वाचून वाईट वाटलं. वही सध्या विद्यापीठाच्या कपाटात आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ रजेवर आहेत. पण तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. वहीतला शब्द न् शब्द माझ्या पुस्तकात आहे, तोही शुद्ध करून. मेघासारखी कांती, कमळासारखे डोळे, शंखासारखा गळा, प्रत्येकाला वेगळं प्रकरण दिलंय. प्रत पाठवली होती ती तू उघडलेली दिसत नाहीस.

छिन्नी चालवणाऱ्यांनी अधूनमधून वाचावंही, असं धाकट्याचं नम्र मत आहे. रागावू नये.

तुझा धाकटा

२४ जून

धाकट्या,

आशीर्वाद आज हातातून उतरत नाही, तेव्हा तो गृहीतही धरू नकोस.

तुझं पुस्तक उघडलं. मेघाच्या प्रकरणात तू करुणेवर नऊ पानं लिहिली आहेस. अप्पा मेघ म्हणतात तेव्हा दगडावर घागरभर पाणी ओततात आणि ओला दगड काळानिळा दिसला तरच घेतात. ती ओळ तू गाळलीस. मी हसले आणि पुढचं पान उलटलं. डोळ्यांच्या पानावर लिहिलंय की नेत्र पूर्ण उमललेल्या कमळासारखे असावेत, पाकळीची कड भुवईकडे जावी. मी तसेच कोरले. चार दिवस लागले.

काल अप्पा घरी आले. अंघोळही केली नाही, आधी शेडमध्ये गेले. पावलांपासून हात फिरवत वर आले, गळ्यापर्यंत मान डोलवत होते. डोळ्यांवर बोटं गेली आणि थांबली. म्हणाले की हा देव नाही, हा भांडायला उभा राहिलेला माणूस आहे. मग मलाही दिसलं. मूर्ती उंच ओट्यावर बसणार, माणूस खाली पायाशी उभा राहणार. डोळे असे सताड उघडे असले तर ते माणसाच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघतात.

वहीत काय लिहिलंय ते बघून कळव. रजेवरचे गृहस्थ मेले असतील तर कुलूप फोड.

ताई

१ जुलै

ती. ताईस, नमस्कार.

वही पाहिली. त्यात अप्पांनी लिहिलंय की कमळ पहाटेचं घ्यावं, अर्धंच सुटलेलं, वरची पाकळी खाली झुकलेली. मी ते बदललं हे खरं आहे. सगळ्या स्तोत्रांमध्ये फुललेलं कमळ येतं. अर्धं कमळ छापलं असतं तर जाणकारांनी मला वेड्यात काढलं असतं. अप्पांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, लिहिताना चुकले असतील असं मला वाटलं. पुस्तक वाचायला असतं, मापं घ्यायला नाही. वीस वर्षं काम करून डोळा कुठे बघतो हे तुझ्याही लक्षात येऊ नये, याचा दोष माझ्या माथी का?

तरीही अप्पांसाठी वेगळी चिठ्ठी जोडली आहे. बदल माझा होता असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वाचून दाखव आणि हे प्रकरण मिटव.

धाकटा

७ जुलै

धाकट्या,

मिटलं. तुझी चिठ्ठी मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले की हे तू तुझ्या मनाने वाचलंस, तो माझ्या वहीत हात घालणार नाही. आंधळ्या माणसाला प्रत्येक पत्र माझ्याच आवाजात ऐकू येतं, हे तुझ्या आणि माझ्या, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आता त्यांच्या लेखी मी दगड बिघडवला आणि वर भावाच्या नावाने खोटं बोलले. छिन्न्या त्यांनी उशाशी नेऊन ठेवल्या आहेत. उरलेलं काम नाक्यावरच्या मूर्तिकाराला देणार म्हणतात, शेडसुद्धा.

आता पत्रं नकोत. स्वतः ये आणि तुझ्या तोंडाने सांग. पाहुणचाराची आशा धरू नकोस, चहा स्टेशनवरच पिऊन ये.

ताई

११ जुलै

ताई,

रविवारी सकाळी येतो, दुपारी निघेन. वहीही आणतो. जे सांगायचं ते मी अप्पांनाच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस.

धाकटा

२ ऑगस्ट

धाकट्या,

तू म्हणालास म्हणून मी मध्ये बोलले नाही. आता सगळं एकदाच बोलते.

तू आलास तेव्हा अप्पा तुझं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. एका पोराने तरी आपली विद्या जपली, असं ते मूर्तिकाराला सांगत होते. नंतर त्यांनी तुला शेडमध्ये नेलं, तुझा हात हातात घेतला, तो बिघडलेल्या डोळ्यावर टेकवला आणि विचारलं की असं कुठे लिहिलं होतं का रे वहीत. मी दाराशी उभी होते. तू नुसतं नाही म्हणालास. ते खरंच होतं, वहीत नव्हतंच. शिकलेल्या माणसाला खोटं बोलायची गरजच पडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पण माझ्या पुस्तकात होतं, हे पुढचं वाक्य बोलशील म्हणून मी तू चपला घालेपर्यंत वाट पाहिली. वही कोनाड्यात ठेवून तू गेलास. दुसऱ्या दिवशी चार माणसांनी मूर्ती हातगाडीवर चढवून नाक्यावर नेली. अप्पांनी मला दोर धरायलाही बोलावलं नाही.

त्यानंतर शेडमध्ये आवाज उरला नाही. अप्पांना दिवस खायला उठला. परवा त्यांनी समोरच्या शिक्षिकाबाईंना बोलावून तुझं पुस्तक वाचायला बसवलं. मला सांगितलं नाही, माझ्या वाचण्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता. बाई नेमानं पहिल्या पानापासून वाचत गेल्या. मेघाच्या प्रकरणात अप्पा दोनदा म्हणाले की घागर कुठे गेली. डोळ्यांचं पान आलं तेव्हा त्यांनी बाईंना थांबवलं आणि तीच ओळ तीनदा वाचायला लावली. मग वहीतलं तेच पान काढायला सांगून तेही वाचून घेतलं. हे सगळं मला बाईंनीच सांगितलं.

संध्याकाळी अप्पा काठी घेऊन एकटे नाक्यावर गेले. मूर्तिकाराने छिन्नी लावलेली नव्हती, बिघडलेल्या डोळ्यांना हात घालायचं त्याचंही धाडस होत नव्हतं. आज मूर्ती परत आली. चेहरा बोटभर आत घ्यावा लागेल, त्यात नाक बारीक होईल, पण पापणी खाली उतरेल एवढा दगड शिल्लक आहे. अप्पांनी उशाशी ठेवलेल्या छिन्न्या आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या. माझी माफी मागितली नाही आणि मीही ती मागायला लावली नाही.

त्यांनी तुला एकच निरोप द्यायला सांगितला आहे. शब्द त्यांचेच आहेत, मी एकही बदललेला नाही.

त्याला लिही, मी त्याचा हात धरून विचारलं होतं.

ताई