भिंत काळी पडलेली नाही

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, गल्लीत ‘वेतवाली’ म्हणून ओळखली जाणारी, जन्मापासून अंध, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण ठीक आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. शेवटचे वाक्य वकीलबाईंनी घातले. दबाव आहे, तो वरच्या मजल्यावर राहतो. पण मी त्याच्या विरुद्ध लिहिते आहे, म्हणून वाक्य राहू दिले.

घर. तळमजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या दिवंगत पतींनी (यापुढे ‘हे’, जिवंतपणीही मी त्यांना असेच म्हणत असे) माझ्या नावावर केल्या आहेत. माझ्यामागे त्या माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, मिळाव्यात. वर राहणाऱ्या दिरांना मिळू नयेत. कारण विचारले जाईल, म्हणून सांगते.

हे गेल्यावर दीर रोज खाली येऊ लागले. दार न वाजवता येत. कधी कधी येऊन बोलतही नसत. तंबाखूच्या वासावरून मला कळे की खोलीत कोणी उभे आहे. मग वेत हातातून निसटे. एक दिवस ते म्हणाले, “वहिनी, ही भिंत काळी पडलीय हो. ओल चढतेय. कधी अंगावर येईल नेम नाही.”

पुढच्या खेपेला म्हणाले, पाव हिरवा पडलाय. त्यानंतर माझे डोळे पिवळे झाले. “कावीळ असेल,” ते म्हणाले. “एकटीनं कसं निभावणार? एखाद्या संस्थेत चौकशी करू का?”

डोळस माणूस असे ऐकले की बघून घेतो. मी काय बघणार? पाव टाकून दिला. पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणला आणि त्यावर बसून भिंत कोसळायची वाट पाहू लागले. भिंतीला हात लावून पाहायचाही धीर होईना.

रंग मला यांनी शिकवले होते. लग्नानंतर एकदा मी विचारले, “लाल म्हणजे नक्की काय हो?” हे काही दिवस गप्पच राहिले. मग म्हणाले, “गर्दीत कुणी तुला हाक मारली की मान आपोआप वळते ना? तसा लाल. डोळा वळतोच.” हिरवा म्हणजे काकडी मोडल्यावर सुटणारा गार वास. पिवळा म्हणजे शेजारच्या खोलीत कोणी हसते आहे, आणि का ते माहीत नसताना आपल्यालाही हसू येते. आणि काळा? “जाड रजईत डोकं घातलं की बाहेरचे आवाज दबतात ना, तो.” म्हणून दीर ‘काळी’ म्हणाले की भिंत जवळ येऊन माझे कान दाबते आहे असे वाटे.

शेवटी धीर करून मी म्हणाले, “हे तर म्हणायचे, आपली भिंत पांढरी आहे.”

दीर हसले. “दादा? वहिनी, दादाला लाल-हिरव्यातला फरक कळत नव्हता. जन्मापासून. ड्रायव्हरची नोकरी त्यापायीच हुकली. तुम्हाला बोलला नाही? कमाल आहे! रंगांधळा निघाला बायकोला रंग सांगायला!”

त्या दिवसाची भीती निराळी होती. भिंत पडली तर मी एकदाच मरेन. पण हे खोटे बोलले असतील, तर एवढी वर्षे मी राहिले ते घर कोणते?

वन्संना फोन केला. आमचे कधीच पटले नाही. दर रविवारी त्या येत, स्वयंपाकघरात भावाशी कुजबुजत, आणि मी आत गेले की चिडीचूप. मला वाटे, माझ्याच चुगल्या. त्यांना मी मुद्दाम फिक्का चहा देई. त्या लगेच निघून आल्या.

“वन्सं, खरं सांगा. यांना रंग कळत नव्हते?”

“लाल नि हिरवा नाही कळायचा. दर रविवारी मला विचारून घ्यायचा. तुझी शाल कोणती, पडदा कोणता, शेजारणीनं आणलेली फुलं कोणती. ते हाकेचंसुद्धा मीच सांगितलेलं. तुला कळू देऊ नको म्हणाला. म्हणे, तिला कळलं तर ती कुणाच्या भरवशावर राहील?”

“आणि भिंत?”

त्यांनी माझा पंजा धरून भिंतीवर टेकवला. मी हात ओढून घेतला. त्यांनी पुन्हा टेकवला. भिंत कोरडी होती. बोटांना चुन्याची पूड लागली.

“पांढरी आहे गं. तुझे डोळेही पांढरे आहेत.”

“आणि पाव?”

“तो तू टाकलास. आता मी काय सांगू?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरही कावीळ नाही म्हणाले. मी दोघांवरही विश्वास ठेवला. दुसरी वाट मला कधीच नव्हती.

हत्यारे. टोचा, कात्री आणि वेत भिजवायचे घमेले खुर्च्यांच्या कारखान्यात माझ्यासोबत विणणाऱ्या जोडीदारणीला द्यावे. घमेले एका बाजूने गळते, ते तिला ठाऊक आहे.

बँकेतली ठेव घराच्या डागडुजीसाठी वन्संना. भिंतींना हवा तो रंग द्यावा.

दिरांना यांचा दाढीचा आरसा. त्यांनी त्यात रोज बघावे आणि जे दिसेल ते खरे सांगायची सवय करावी.

कुलूप बदलले आहे. तरी जिन्यावर पाऊल वाजले की माझे हात थांबतात. मरणाचीही भीती वाटते. वकीलबाईंचा कारकून म्हणाला, “आजी, अंधाराची तुम्हाला सवयच आहे.” नाही हो. अंधार कसा असतो, हे मला कोणी कधी सांगितलेच नाही. म्हणून शेवटची इच्छा: मी जात असेन तेव्हा वन्संनी उशाशी बसून खोलीतल्या एकेका वस्तूचा रंग सांगत राहावे. श्वास थांबला असे डॉक्टर म्हणाले, तरी लगेच गप्प होऊ नये.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, एकदा वकीलबाईंनी आणि एकदा समोरच्या शिंपीणबाईंनी. दोन्ही वेळा शब्द तेच निघाले. वन्संना घर मिळणार असल्याने त्या साक्षीदार नाहीत. दाराबाहेर बसल्या आहेत.

सही: वेतवाली (स्वहस्ते; ओळ तिरकी गेली असल्यास माफी असावी)

साक्षीदार: १. समोरच्या दुकानातील शिंपीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ७ फेब्रुवारी, दुपारी