शिऱ्याचा प्रसाद आणि पोटातला फुगा

अंकिता बाय,

तू झोपलीयस म्हणून उठवलं नाही. मी बिरवाडीला काल्याच्या कीर्तनाला जाते. पेज गाळून थर्मासात ठेवलीय, घोट घोट घे.

परवा डॉक्टरांनी वजन उतरावं म्हणून दुर्बिणीतून तुझ्या पोटात फुगा बसवला, तेव्हा बजावलं होतं, आठवडाभर फक्त पातळच. तरी काल मी तुला कीर्तनातला शिरा भरवला. देवाचं बाधायचं नाय, असं वाटलं गो. तू दुपारभर ओकत राहिलीस आणि नवरा असून माझा विनीत तुलाच ओरडला, "जिभेवर ताबा नाही तुझा!" मी तिथेच वाती वळत राहिले.

सकाळी त्याला खरं सांगितलं. आजचा प्रसाद तुझ्या कपाळाला लावून मीच खाईन. आणि तिथल्या बायका तुझ्या जाडीवरून पुन्हा हसल्या, तर आज मी त्यांच्यात हसणार नाही.

आई