गप्प राहण्याचा प्रकल्प

ता. ४ ऑगस्ट

प्रिय ताई,

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तू शिवून पाठवलेला शर्ट खांद्याला अगदी चपखल बसला. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी विषय बदलते. कागदावर खोडाखोड दिसते.

मुख्य बातमी म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा माझा विषय ठरला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात विषय निवडायचा तर आधी 'निवडणं म्हणजे काय' यावरच तासभर भांडण होतं! एकाने काळ घेतला, एकीने यंत्राचं मन. मी 'सौंदर्य' लिहून दिलं होतं. आमच्या बाईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"विषय चांगला आहे, पण तुझा नाही. तुला खरंच कशाचं उत्तर हवंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं होतं का?"

"हाच घे," बाई म्हणाल्या. "आणि उदाहरण पुस्तकातलं नको, स्वतःचं शोध."

शोधायला कशाला हवं? माझ्याकडे ते बारा वर्षं आहे.

तू अठराची असताना नर्सिंगला अर्ज केला होतास, प्रवेशाचा पेपरही दिला होतास. निवड झाली नाही असं तू धरून चाललीस. झाली होती, ताई. पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिलं. तू बाहेर होतीस. आईने अंथरुणात पडल्यापडल्या ते वाचलं. तेव्हा तिला हाताने पाणीसुद्धा घेता येत नव्हतं. "ती गेली तर माझं कोण करणार? सांगू नकोस तिला," म्हणाली आणि रडायला लागली. मग मला ते फाडायला लावलं. मी फाडलं.

त्यानंतर महिनाभर तू पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहायचीस. मी तुझ्या शेजारी उभी असायचे.

आई गेली, तू शिवणाच्या दुकानात लागलीस, मला शिकवलंस. मी गप्पच.

हे उदाहरण तुझं आहे. तुझ्या परवानगीशिवाय त्यातली एक ओळही लिहिणार नाही. विषय मात्र बदलणार नाही, सही करून दिलाय. भीती वाटतेय, पण हे पत्र पेटीत टाकणार हे नक्की.

तू म्हणशील ते ऐकून घेणारी,
ठमी


ता. १३ ऑगस्ट

ठमे,

पत्र दुकानात मिळालं. वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी जोडून बसले. तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत.

खूप राग आलाय. आईचाही आला, पण ती नाही, म्हणून सगळा तुझ्या वाट्याला. मला वाटायचं मीच ढ. बारा वर्षं तो प्रवेशाचा पेपर मनातल्या मनात सोडवत आले, कुठे चुकलं ते शोधत.

उदाहरण खुशाल लिही. पण नऊ वर्षांची पोर आणि आजारी आई एवढ्यावर सुटू नकोस. त्या पोरीला मी काही म्हणत नाही. ती पुढे पंधराची झाली, अठराची झाली, रोज माझ्यासमोर बसून जेवली. तिच्याबद्दल लिही. आणि ताईने माफ केलं असं लिहू नकोस, कारण अजून केलेलं नाही.

इथल्या दवाखान्यात नर्सिंगचा संध्याकाळचा वर्ग आहे. तिशीतल्या बायकांनाही घेतात. काल फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, याआधी अर्ज केला होता का? मी लिहिलं, 'हो. निवड झाली होती.' लिहून ते बराच वेळ बघत बसले.

रविवारी ये. भांडायचंय. आधी जेवू, मग भांडू.

अजून रागात असलेली,
तुझीच ताई