दिवसा सांगितलेली गोष्ट

मोताळा,
२ एप्रिल १९६३

प्रिय उकंडामामा,

वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ लिहावं, ‘प्रिय’ नाही, हे तिसरीच्या पोरांना मीच फळ्यावर लिहून शिकवतो. पण ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली त्याला तीर्थरूप म्हणायला माझी लेखणी तयार होईना. चौदा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज बसलो तर दोन कागद फाडून झाले. सांगायचं आहे ते एकच, पण धीर होत नाही. म्हणून आधी घरचं सांगतो.

बाबा मार्गशीर्षात गेले. तुला कळलंच असेल. तू आला नाहीस यात तुझा दोष नाही. सिंधूआत्या मलकापूरला सुखात आहे. तू तिच्याशी लग्नाला नाही म्हणालास म्हणून बाबांनी जन्मभर राग धरला, आणि ती मात्र चार लेकरांना कडेखांद्यावर खेळवत म्हणते, बरं झालं, तो उकंडा मले घोरण्यानं मारता! माय बरी आहे. गुडघे दुखतात तिचे, पण बसून राहणं तिला ठाऊक नाही.

आणि माझी बातमी अशी, की मी मुलांसाठी गोष्टी लिहितो. पुण्याच्या एका मासिकात तीन छापून आल्या. संपादक आपल्याकडचे शब्द खोडून पुण्याकडचे घालतात, पण पत्रं प्रेमाची लिहितात. आता त्यांना बारा गोष्टींचं पुस्तक काढायचं आहे. मी लेखक झालो म्हणून छाती फुगवून सांगत नाही. हे कसं झालं ते ऐक, कारण त्यात तू आहेस.

दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच साली, मधल्या सुट्टीनंतर पोरं गोष्टीसाठी मागे लागली. माझ्या तोंडून मायचंच वाक्य निघालं, दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो. तेवढ्यात रुखमा नावाची एक काटकुळी मुलगी उभी राहून म्हणाली, “मले त मामाच नाही, गुरुजी. मले सांगा.” बाकीची पोरं, ज्यांना ज्यांना मामा होते ती, आपणहून उठली आणि निमूट व्हरांड्यात जाऊन बसली. कान मात्र दाराशीच. मी रुखमेला मायची एक गोष्ट सांगितली. सांगता सांगता कळलं, की मला अर्धीमुर्धीच आठवते आहे. विसरलेलं मी मनानं भरत गेलो. घरी येऊन ते कागदावर उतरवलं. असा मी लेखक.

मायला विचारलं असतं तर सगळ्या गोष्टी अख्ख्या मिळाल्या असत्या. पण माय गोष्ट सांगत नाही, मामा. दिवसा नाही, दिवेलागणीनंतरही नाही. चौदा वर्षं झाली. सिंधूआत्याची लेकरं सुट्टीत येतात, तिच्या पदराला लोंबकळतात. ती त्यांना गूळ-शेंगदाणे देऊन वाटेला लावते. माझी छापलेली गोष्ट वाचून दाखवायला गेलो तर हात वर करून म्हणाली, “छापली म्हून काय झालं? गोष्टच हाय ना ते.” आणि उठून गेली. बारा गोष्टींपैकी अकरा मी कशाबशा उभ्या केल्या आहेत. बारावी टिटवीची. टिटवी माहेरी निघते, वाटेत बाभूळ भेटते, वारूळ भेटतं, मग नदी आडवी येते. तिच्यापुढे मला काहीच येत नाही. विसरलो नाही. तिथून पुढची मला कुणी सांगितलीच नाही.

आता त्या आखाजीचं सांगतो. तू सणाला गाडी जुंपून मायला माहेरी न्यायला येणार होतास. माय सकाळपासून शेवया वळत होती, भावाच्या ताटात वाढायला. मी नऊ वर्षांचा, गोष्टीसाठी हटून बसलेला. ती म्हणाली, “दिवसा सांगतली का मामा वाट चुकते रे.” मी म्हटलं, मामाचे बैल डोळे मिटून येतील, त्यांना काय वाट सांगायची? ती हसली आणि सांगू लागली. टिटवी नदीपाशी पोचली तेवढ्यात बाबांनी मला बाहेरून हाक मारली.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. वळणावरच्या निंबाखाली मी तुझी गाडी थांबवली आणि बोललो, माय म्हणते मी येत नाही, आता कधी घ्यायले येऊ नको. तू दोनदा विचारलंस, तिनंच सांगतलं? मी दोनदा हाव म्हणालो. तू माझ्या हातात भोवरा ठेवलास, बैलांना पाणी दाखवलंस आणि गाडी वळवलीस. तिच्यासाठी आणलेलं लुगडं मागे गाठोड्यातून डोकावत होतं, हिरवं.

मामा, मायनं तो निरोप दिला नव्हता. तो बाबांचा होता. त्यांचा धाक होता, हे खरं. पण सगळं बाबांवर ढकलून मोकळा होऊ कसा? मला गोष्टीची घाई होती. तू घरी आला असतास तर बांधाबांध सुरू झाली असती आणि टिटवी नदीवरच राहिली असती. म्हणून मी भराभर बोललो आणि पळत परत आलो.

माय सांज होईपर्यंत दारात उभी होती. मग आत येऊन शेवयांवर फडकं टाकलं आणि म्हणाली, “म्याच दिवसा गोष्ट सांगतली.” पुढं तू सुखरूप असल्याचं कळलं, तरी तिचं तेच. “पायाची नाही त मनाची वाट चुकला माहा भाऊ.” मी समोर बसून ऐकत होतो आणि एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी नाही, बाबा असेपर्यंत नाही, आणि लाज वाटते सांगायला, बाबा गेल्यावर चार महिने झाले तरी नाही. भोवरा अजून माझ्या पेटीत आहे. कुठून आला म्हणून ती विचारील या भीतीनं एकदाही फिरवला नाही.

तर हे पत्र एवढ्यासाठी. येत्या आखाजीला तू ये. आता चिखलीहून बुलढाण्यापर्यंत आणि तिथून आमच्या दारापर्यंत एस.टी. आहे. भर दुपारी ये, उन्हात. त्याच निंबाखाली मी उभा राहीन. आपण दोघं घरी जाऊ आणि तुझ्यासमोर मी मायला सगळं सांगीन. एकट्यानं सांगायची माझी छाती नाही. मग तुम्ही दोघांनी मला काय हवं ते म्हणा. टिटवीचं पुढं काय झालं ते मायनं सांगितलं तर ऐकू. नाही सांगितलं तरी चालेल, पुस्तक अकरा गोष्टींचं निघेल. पण तू वाट चुकला नव्हतास, एवढं तिला तिच्या डोळ्यांनी पाहू दे. परवाच तिनं शेवयांचा पाट धुऊन उन्हात ठेवला. दर वर्षी ती एका माणसाच्या शेवया जास्त करते, मामा.

तुझाच, तुला परत पाठवणारा,
सहदेव