उंबऱ्याखालचे राणीछाप

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नव्या वर्षाचे पाच दिवस आळसात गेले. आजपासून रोजनिशी. थोडं लिहायचं, पण रोज लिहायचं.

आज दोन गोष्टी झाल्या. एक, चाळीच्या बोर्डावर पुनर्विकासाच्या पात्रतेची यादी लागली. बेचाळीस खोल्या, एकोणचाळीस पात्र. तिघांच्या नावापुढे ‘पुरावा अपुरा’. त्यात खोली नंबर सतरा, म्हणजे आम्ही. सन दोन हजारच्या आधीपासून इथे राहतो हे दाखवणारा एक कागद हवा. जुन्या मतदार यादीचा उतारा चालतो. मुदत ५ फेब्रुवारी. कागद नाही दिला तर नव्या बिल्डिंगमध्ये घर नाही. अनुपमा कामावरून आली, तिने यादी वाचली. मी म्हटलं, हे माझ्यावर सोड. मरोळला अठ्ठावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, एका कागदाचं काय घेऊन बसलीस. उद्याच जातो.

दोन, शेजारच्या धोंडिरामकडून मशीन घेतलं. मेटल डिटेक्टर. तो ज्या मॉलमध्ये वॉचमन होता तो बंद पडला, तेव्हापासून हे त्याच्या माळ्यावर पडून होतं. दारात उभं राहून लोकांच्या अंगावरून फिरवतात तोच दांडका. धोंडिराम म्हणाला, श्याम, तुला काय करायचाय हा? मी नुसता हसलो.

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी ११

थिअरी लिहून ठेवतो. ही वही कोणी वाचत नाही म्हणून.

आमची बैठी चाळ जोगेश्वरी पूर्वेला, बांधली पन्नास वर्षांपूर्वी. बांधणारे सगळे राजापूर, लांजा, मालवणकडचे. गावची पद्धत अशी की दाराची चौकट बसवताना उंबऱ्याखाली चांदीचा राणीछाप रुपया ठेवायचा. हळदकुंकू, सुपारी, सगळं लाल फडक्यात बांधून. बाबांनी आमचा ठेवला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे बेचाळीस उंबरे, बेचाळीस राण्या. आता पात्र लोक खोल्या सोडून भाड्याच्या जागेत चाललेत. महिन्या-दोन महिन्यांत जेसीबी येईल आणि राण्या डंपरमध्ये जातील. हे एवढ्या मोठ्या चाळीत एकाच्याही डोक्यात आलेलं नाही.

ही चोरी नाही. सोडून दिलेल्या मालाचं संशोधन आहे.

दुपारी ४. टेस्टिंगमध्ये वेळ गेला. मशीन सिलेंडरवर वाजतं, कुकरवर वाजतं, माझ्या पट्ट्यावर सगळ्यात जास्त वाजतं. झकास. मतदार यादीच्या ऑफिसला आता काय जाणार, पोचेपर्यंत खिडकी बंद. उद्या नक्की.

बुधवार, ८ जानेवारी

अनुपमा सकाळी लवकर गेली. वाकोल्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते, पण आज एवढ्या लवकर का ते विचारायचं राहिलं. कंपनी वापीला गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, ती बाहेरचं बघते आणि मी घरचं. मी घरचं नक्की काय बघतो, असं मानसी विचारते. मुलीला शिकवून ही किंमत.

खोली चार रिकामी झाली. दारंखिडक्या भंगारवाल्याने नेल्या, कडप्प्याचा उंबरा तेवढा आहे. मशीन फिरवलं. वाजलं! छिन्नी, हातोडी, दीड तास. तीन खिळे आणि सायकलची घंटी. कंबर गेली.

रात्री अनुपमाने विचारलं, गेलात का? म्हटलं, उद्या.

शनिवार, ११ जानेवारी

शनिवारी सरकारी ऑफिस बंद असतं, हा काही माझा दोष नाही.

खोली सात, नऊ, अकरा. एकूण माल: बाटलीची बुचं, एक किल्ली, केसांच्या पिना. पण एक चांगली गोष्ट लक्षात आली. उंबऱ्याखालची माती सगळीकडे भुसभुशीत आहे, फार खणावं लागत नाही. उंदीर असणार. उंदरांचे एवढे उपकार मी पहिल्यांदाच घेतोय.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज पहिली चांदी सापडली!! खोली तेवीसच्या दारातल्या गटाराच्या कडेला मशीन जोरात वाजलं. चिखलात हात घातला तर पायातलं जोडवं. एवढ्यात क्षमावहिनी धावत आल्या. त्यांचंच होतं, दिवाळीपासून शोधत होत्या. हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाल्या आणि जोडवं घेऊन गेल्या.

तरी टेक्नॉलॉजी सिद्ध झाली. मशीनला चांदी कळते.

बुधवार, १५ जानेवारी

किंक्रांत. आज कुठलंही महत्त्वाचं काम सुरू करू नये असं आई म्हणायची. मतदार यादीचा उतारा हे महत्त्वाचं काम आहे. उद्या.

अनुपमाने विचारलं, गेलात का? मी किंक्रांत सांगितली. तिने मान डोलावली. पूर्वी ती भांडायची. आता मान डोलावते. मला भांडण परवडायचं.

सोमवार, २० जानेवारी

चार दिवस रोजनिशी नाही. अंग मोडून आलं होतं. डॉक्टर म्हणे धूळ. मास्क लावून काम करायचं, असा नवा नियम केला.

आज ऑफिसला निघालो होतो, खरंच. फाईल घेतली, शर्ट इस्त्रीचा घातला. कोपऱ्यावर गेलो तर खोली पंधराचे लोक टेम्पोत सामान भरत होते. सगळ्यात शेवटी त्यांची म्हातारी एकटीच आत गेली, दहा मिनिटं दार लावून बसली आणि डोळे पुसत बाहेर आली. मूठ घट्ट मिटलेली. माझं मन भरून आलं. पन्नास वर्षांचं घर सोडणं सोपं नाही. म्हातारीने आतली माती घेतली असणार, आठवण म्हणून.

टेम्पो गेल्यावर मी लगेच उंबरा उचलला. हलकेच निघाला. आत लाल फडकं! हळदीचा डाग! सुपारी! रुपया नाही. पण फडकं म्हणजे थिअरी शंभर टक्के खरी. एवढ्या जवळ आजवर कोणी पोचलं नसेल.

शर्ट मळला. मळक्या शर्टाने सरकारी ऑफिसात जाऊ नये, समोरचा माणूस किंमत करत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

बिल्डरच्या वॉचमनने पकडलं. काय करताय म्हणाला. मी म्हटलं, इन्स्पेक्शन. हातातलं मशीन बघून त्याने सलाम केला आणि पुढच्या तीन खोल्या स्वतः उघडून दिल्या. त्यात काही नव्हतं.

एकूण उंबरे सोळा. लाल फडकी चार. सुपाऱ्या पाच. राण्या शून्य. खूप दमलोय. रात्री कूस बदलता येत नाही. पण आता थांबलो तर सोळा उंबरे फुकट जातील. ताटात रुपये मांडून अनुपमाच्या समोर ठेवायचे आहेत. बाकी काही नको. एकदा तिने माझ्याकडे बघावं, भिंतीकडे बघते तसं नाही, एवढंच.

रविवार, २६ जानेवारी

सुट्टी. मानसीने कॅलेंडरवर पाच फेब्रुवारीला लाल गोल केलाय. मी म्हटलं, दहा दिवस आहेत, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारी मुलगी मला शिकवते. ती म्हणाली, बाबा, मी निदान परीक्षेला जाते.

बुधवार, २९ जानेवारी

आजचा दिवस वाईट. खोली एकतीसच्या उंबऱ्यावर घाम गाळत होतो. समोरच्या ओट्यावर सोनूबाई वाटाणे सोलत बसली होती. चाळीतली सगळ्यात म्हातारी, पंच्याऐंशीची. तीन आठवडे ती माझ्याकडे बघतेय, आज बोलली. काय शोधतंस रे, म्हणाली. वय बघून मी खरं ते सांगितलं.

ती एवढी हसली की वाटाणे सांडले. म्हणाली, अरे मेल्या, घर सोडताना उंबऱ्याखालचो रुपयो ठेवन कोण जाता काय? तो काढूचो आणि नव्या घराक न्हेवचो. सगळ्यांनी न्हेल्यानी. माझो मी संक्रांतीक काढलंय. तुझ्या आवशीन तुका ह्या सांगूक नाय?

आईने सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

म्हणजे भुसभुशीत माती उंदरांची नव्हती. म्हणजे पंधरामधली म्हातारी. वीस उंबरे फोडले मी. सोनूबाईने मूठभर वाटाणे दिले, तेही सोलून दिले.

शनिवार, १ फेब्रुवारी. माघी गणपती

दोन दिवस पडून होतो. आज उठलो ते एक विचार घेऊन. चाळीत एक उंबरा असा आहे, ज्याखालचा रुपया नक्की कोणी काढलेला नाही. आमचा. इतके दिवस मुद्दाम शेवटी ठेवला होता. घरचं कुठे पळून जातंय.

सोमवारी आधी ऑफिस, मग उंबरा. हा क्रम बदलायचा नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

क्रम बदलला. अनुपमा आणि मानसी गेल्या आणि घरात एकटा होतो, असा चान्स परत येत नाही. मशीन वाजलं नाही, सेल उतरले होते. हातानेच खणलं. बाबांनी कडप्पा असा बसवला होता की चौकटीची एक बाजूच सुटून आली. माती घट्ट. दीड वीत खाली लाल फडकं, कुजून काळं पडलेलं. आणि त्यात ती. राणी. १८९०. मातीत बसून मी रडलो. बाबांचा हात शेवटचा लागला होता त्या नाण्याला, नंतर माझा.

संध्याकाळी ताटात ठेवून अनुपमाच्या पुढे केलं. एकच होतं म्हणून भोवती चार सुपाऱ्या मांडल्या. तिने आधी दार बघितलं. लागत नाही. खालून वीतभर फट, एक मांजर तेवढ्यात आत येऊन गेलं. मग तिने राणी उचलली, धुतली, देवापुढे ठेवली, नव्या घराच्या उंबऱ्याला होईल म्हणाली. मग विचारलं, गेलात का?

म्हटलं, उद्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दिवसभर दार टेकवून धरायला विटा शोधत होतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी. शेवटचा दिवस

गेलो. सकाळी नऊला लाईनीत उभा राहिलो, दुपारी दोनला खिडकीशी पोचलो. पायाचे तुकडे पडले. खिडकीत संघमित्रा नावाच्या मॅडम होत्या, शांत बाई. खोली नंबर सांगितला. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाल्या, काका, हा उतारा तर गेलाय. आठ जानेवारीला. अनुपमा आयरे, ही बघा सही.

आठ जानेवारी. यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख, नाही, तिसऱ्या. काय फरक पडतो.

मी म्हटलं, माझ्याही नावाचा एक द्या. मॅडमनी जुनी यादी काढली, दोनदा बोट फिरवलं. बाबांचं नाव आहे. आईचं आहे. अनुपमाचं आहे, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. माझं नाही. मला आठवलं. बाबांनी चौघांचे फॉर्म आणले होते. तिघांनी तिथेच बसून भरले. माझा मी दुसऱ्या दिवशी भरणार होतो.

घरी येऊन अनुपमाला विचारलं, आठ तारखेलाच काम झालं होतं, तर रोज गेलात का, गेलात का, असं का विचारत होतीस?

ती म्हणाली, बघत होते.

काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, भात वाढू?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बावीस दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नाही.

आज बोर्डावर शेवटची यादी लागली. गर्दी ओसरल्यावर गेलो. खोली सतरा, पात्र. अर्जदाराचं नाव: अनुपमा श्यामकांत आयरे. शेवटच्या रकान्यात, शेरा: पती सोबत राहतात.

तीनदा वाचलं. कमिटीचा सेक्रेटरी हर्षद शेजारी उभा होता. म्हणाला, काका, काही हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या.

मी म्हटलं, नाही रे. बरोबर लिहिलंय.