निकालपत्राचे चौथे पान

अल् खुवैर, गुरुवार, १२ मार्च १९९८

विनायकाने मला चौथे पान का दिले नाही?

रेल्वे आणि एक कापूसव्यापारी यांच्यातील वादावर उच्च न्यायालयाने गेल्या शतकात दिलेला निकाल. त्याची झेरॉक्स आमच्या या चिरंजीवांनी आज आणून दिली. 'जोखीम मालकाची' या कागदावर व्यापाऱ्याची सही होती, म्हणून भिजलेल्या कापसाची भरपाई त्याला मिळाली नाही, असे विनायकाचे म्हणणे. शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या सावंतांची शिवणयंत्रे विनायकाच्याच कंपनीने मुंबईहून आणली आणि ती वाटेत गंजली. तशीच सही सावंतांनीही केली आहे.

"बाबा, तुम्ही कोर्टात शिरस्तेदार होता, सावंत तुमचं ऐकतील. उद्या जरा समजवा, म्हणजे मॅटर खलास."

तीस वर्षे मी प्रत्येक निकाल शेवटाकडून वाचत आलो, कारण हुकूम शेवटी असतो. येथे तिसरे पान अर्ध्या वाक्यावर तुटते आणि पुढे एकदम पाचवे. त्यावर केवळ वकिलांची नावे.

विचारले, तर म्हणाला, "झेरॉक्सवाल्यानं गाळलं असेल. तुम्ही तर माझीच उलटतपासणी घेताय."

गाळले असेलही. मग बोलताना तो गाडीची किल्ली का शोधत होता? ती त्याच्या हातातच होती.

यंत्रांविना अल् खौदचे दुकान बंद ठेवून बसलेले सावंत माझ्या शब्दावर भरपाईचा दावा सोडतील. आणि तो शब्द मी चौथ्या पानाविना द्यायचा?

उद्या सावंतांना विनायकासमक्षच सांगेन, की निकाल अपुरा आहे, दावा सोडू नका. विनायक उठून गेला, तर त्या पानावर काय होते ते मला कळेल.