वॉर्निश लावलेली भाकर

प्रिय धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम. तू, तुझी बायको आणि दोन्ही पोरं मजेत आहात असं धरून चालते, कारण तीन महिन्यांत तुझी एक ओळ नाही, आणि तुला जरा कुठे दुखलं-खुपलं की आधी बहीण आठवते. माझे गुडघे होते तसेच आहेत. डोकं मात्र तापलेलं आहे, म्हणून पीठ मळून झाकून ठेवलं आणि लिहायला बसले. तुझ्या थोरल्या बहिणीने भर सभेत शास्त्राची विटंबना केली, असं तुझ्या कानावर आलंच असेल. विटंबना झाली हे खरं, पण ती माझ्या आधीच ब्रशने दोन हात मारून झाली होती.

पहिल्यापासून सांगते. आमच्या चर्चने हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं, 'शास्त्रातलं अन्न आणि त्याचा अर्थ'. कल्पना चिटणीसांची. (चिटणीस म्हणजे ते निवृत्त चित्रकला शिक्षक, जे चर्चच्या वृद्धाश्रमातल्या माझ्या स्वयंपाकघरात आले की कुणाशी बोलायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात.) प्रत्येक पदार्थापुढे सुंदर अक्षरात एक पाटी: मध म्हणजे वचनाची गोडी, द्राक्षं म्हणजे एका वेलीची मंडळी, मन्ना म्हणजे स्वर्गातून पडलेली कृपा. पाच हजारांना पुरलेल्या त्या पाच भाकरींसाठी पाच पाव भाजायचं काम माझ्याकडे आलं. मी असे भाजले की शेवटच्या खोलीतल्या आजीबाई वास घेत काठी टेकत खाली आल्या. प्रदर्शन पंधरा दिवसांचं, म्हणून रोज ताजे देते म्हटलं, तर चिटणीस हसले आणि म्हणाले, "गरज पडणार नाही." तिथेच मला संशय यायला हवा होता.

उद्घाटनाला बिशपसाहेब अकराला येणार होते, ते आले साडेबाराला. आमच्या अकरा आजीबाई साडेदहापासून पहिल्या रांगेत. आमच्याकडे जेवण बाराच्या ठोक्याला असतं (एकोणीस वर्षांत ते दोनदा चुकलं, एकदा गॅस संपला आणि एकदा मी पडले). त्यातल्या मास्तरीणबाई एक्याऐंशीच्या, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या, वेळेवर पोटात काही गेलं नाही तर धडगत नाही. चिटणीस लांब छडी घेऊन मधाचा अर्थ सांगत होते. त्या अर्थाला अंतच नव्हता. इतक्यात मास्तरीणबाईंनी माझा हात धरला. तळवा गार आणि ओला. म्हणाल्या, "अगं, ती समोरची भिंत हलतेय का?"

मी उभी राहिले आणि म्हटलं, "ह्यांना आत्ता काहीतरी खायला द्यायला हवं." चिटणीस म्हणाले, "दहाच मिनिटं, मग चहा आहे." आता मला सांग, समोर अख्खं वचनदत्त देशाचं टेबल मांडलेलं असताना चहाची वाट बघत बसणारी बाई मी आहे का? मधाची वाटी उचलली आणि सवयीने आधी स्वतः बोट लावून चाखलं. शिलाई मशीनचं तेल! (मुंग्या येऊ नयेत म्हणून.) द्राक्षं प्लास्टिकची. मन्ना थर्माकोलचा. म्हटलं, माझे पाव तर माझेच आहेत. एक घेतला, मोडायला गेले, मोडेना. टेबलाच्या कडेवर आपटला, तर दार ठोठावल्यासारखा आवाज. मागच्या रांगेतून चर्चचा सुतार अभिमानाने ओरडला, "ताई, वॉर्निशचे दोन हात मारलेत! दहा वर्षं हलत नाही!"

इकडे बिशपसाहेबांना वाटलं, माझ्या म्हाताऱ्या हातांत जोर नाही. भला माणूस, उठून पुढे आला, दुसरा पाव उचलला, हातांनी जमेना म्हणून कड दातांत धरली. 'कट्' असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. बिचाऱ्यांची दाढेवरची टोपी निघाली. पण मला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. ह्या गुडघ्यांनी अंगण ओलांडून धावले, पेलाभर साखरपाणी आणलं आणि मास्तरीणबाईंना घोट घोट पाजलं. जरा वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि पाटीवरच्या 'गोडी'चा ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लागल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग मात्र माझा तोल गेला. मी हॉलच्या मधोमध उभी राहून मोठ्याने म्हटलं, "ज्यांना भूक लागलीय त्यांनी माझ्या मागे या. मसुरीचं सूप तयार आहे." आजीबाई उठल्या, गायकवृंद उठला, रुमाल गालाला लावून बिशपसाहेब उठले. चिटणिसांच्या छडीसमोर तिघे उरले आणि त्यातला एक झोपलेला होता.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली: लेखी माफी मागा, नाहीतर स्वयंपाकघर सोडा. काल कमिटीसमोर उभी राहिले. चिटणीस म्हणाले, "बाई, शास्त्रातलं अन्न हे प्रतीक आहे. खरी भूक आत्म्याची." मी म्हटलं, असेल. पण प्रभूने मेलेली पोर उठवली तेव्हा पहिलं काय सांगितलं? हिला खायला द्या. तिच्यापुढे पाटी नाही धरली. दावीद भुकेला होता तेव्हा त्याने देवासमोर ठेवलेली पवित्र भाकर खाल्ली, आणि ती त्याला खाता आली, कारण तिला वॉर्निश नव्हतं. आभाळातून रोज पडणारा मन्ना उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे, आणि तुम्ही पंधरा दिवस टिकणारी भाकर करता! ज्या अन्नाने पोट भरत नाही त्याचा अर्थ मला कळत नाही, आणि कळून घ्यायचाही नाही. माफी मागणार नाही.

तेव्हा चिटणीस हळूच म्हणाले, "महिनाभर बसून लिहिल्या हो त्या पाट्या. कुणी वाचल्याच नाहीत." एवढं मात्र मला लागलं. अक्षर खरंच देखणं आहे त्यांचं. पण माझी एकोणीस वर्षं मी अक्षरावर ओवाळून टाकणार नाही. मतं पडली, तीन इकडे, तीन तिकडे. चर्चच्या पाळकांनी घाम पुसला आणि निकाल बिशपसाहेबांवर सोपवला. सोपवू देत. मी कुणाच्या पाया पडणार नाही, कुणाचा वशिला लावणार नाही, आणि तुझ्याकडेही काही मागत नाही. हे पत्र केवळ तुला खरं कळावं म्हणून.

पोरांच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझी न झुकणारी
ताई

ता. क. फक्त तुला म्हणून कबूल करते: त्या दिवशी धांदलीत सुपात मीठ घालायचं राहिलं. हे चिटणिसांनीच दाखवून दिलं, दुसरा वाडगा संपवल्यावर. मी त्यांना तिसरा दिला.

ता. क. २. तू दातांचा डॉक्टर आहेस हे बोलता बोलता बिशपसाहेबांना सांगितलं गेलं, पत्ताही दिला गेला. गुरुवारी सकाळी दहाला ते तुझ्याकडे टोपी बसवून घ्यायला येतील. काम नीट कर, घाई करू नकोस. त्यांचं तोंड उघडं असेपर्यंत त्यांना मध्ये बोलता येणार नाही, तेवढ्यात माझी बाजू पूर्ण सांगून टाक.